आरव की मल्हार, आमच्या घरात काय झालं ते

बाळाच्या नावांची लिस्ट खाली येत येत एक नवीन आणि एक जुनं अशी दोनच नावं उरली असतील तर वाचा, आमचंही सेम झालेलं. बायकोचं आरव, आमच्या आईचं मल्हार. आमचं गाव कराडकडचं, कुलदैवत पालीचा खंडोबा, त्यामुळं आई हटणार नव्हतीच. राशीच्या अक्षराचा विषय सोडा, नावरस नाव वेगळं ठेवता येतं.

आरव कानाला गोड आहे, जोडाक्षर नाही, आजीपासून ऑफिसातल्या तमिळ मित्रापर्यंत कुणाचीही जीभ अडखळत नाही. मी पण अर्धा तयार झालेलो. घोळ अर्थावरनं झाला. मोबाईलवर जिथं बघाल तिथं आरव म्हणजे शांत. बारशाची पत्रिका छापायला टाकायच्या आधी गल्लीतल्या संस्कृतच्या रिटायर सरांना सहज विचारलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, अरे रव म्हणजे आवाज, आरव म्हणजे गलका, ओरडा, शांत पाहिजे तर नीरव ठेव. झालं! आता तुम्ही म्हणाल बाळ रात्री दोनला जे करतं त्याला हेच नाव फिट आहे, बायकोही तेच म्हणाली, आणि नाव काय वाईट नाहीच, पण बारशाला प्रत्येक आत्या-मावशी अर्थ विचारणार, तिथं शांत म्हणून थाप मारायची की गलका सांगून हशा करून घ्यायचा, हे माझ्या डोक्यातनं जाईना. मग बाकीची लिस्ट पण सरांपुढं ठेवली. विहान बरोबर निघालं, पहाट, उत्तरेकडं बिहान म्हणतात तेच. कियान इराणच्या जुन्या राजांकडचं. रेयांशला सर म्हणाले, अंश कळला, रेय कुठनं आणलं?

मल्हारचं सरळ आहे. मल्ल अधिक अरि, मल्लारि, त्याचं मल्हारी. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य, त्यातल्या मल्लाचा शत्रू म्हणजे खंडोबा. मेव्हणा म्हणाला, लेकराच्या नावात दुश्मनी कशाला? पॉइंट होता त्याचा. पण मल्हार नावाचा पावसाचा रागही आहे, आणि सासरे दुष्काळी माण तालुक्यातले, पाऊस शब्द ऐकल्यावर ते तिथंच आमच्या बाजूला आले.

त्रास यातही आहे, लपवत नाही. निम्मे पाहुणे मलार म्हणतात, इंग्रजीत एच कुठं घालायचा यावर दर फॉर्मला चर्चा, आणि शाळेत पोरं मल्ल्या करणार हे मी धरूनच चाललोय. चारचौघांत वेगळं नाव पाहिजे असेल तर दोन्ही सोडा, हल्ली दोन्ही ढिगानं आहेत. आणि दवाखान्यात घाईनं नाव सांगू नका, जन्मदाखल्यात नंतर घालता येतं, १२ महिन्यांच्या आत त्याला फी पण नाही.

तुमच्या घरी अर्थबिर्थ कुणी विचारत नसेल तर आरव खुशाल ठेवा, मला तरी जमलं नाही. पौषात पोराला घेऊन पालीला देवाच्या लग्नाला गेलो, भंडारा उडाला, चारी बाजूंनी येळकोट येळकोट जय मल्हार सुरू झालं आणि हा कडेवर दचकून असा काय भोकाड पसरून रडला की बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, अहो, घ्या तुमचा आरव.