चार ओहमचे की आठ ओहमचे? कौलारू घराचा हिशोब

होम थिएटरसाठी मधल्या किमतीचा रिसीव्हर (स्पीकरना ताकद देणारा अँप्लिफायर) ठरला, की पुढची सगळी घासाघीस स्पीकरवर येते. माझ्यासमोर दोन जोड्या होत्या. एक 4 ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो कमी तितका रिसीव्हरवर भार जास्त), 85 डेसिबल सेन्सिटिव्हिटीची (म्हणजे तेवढ्याच ताकदीत किती मोठा आवाज देते). दुसरी 8 ओहमची, 91 डेसिबलची. दोन्ही घरी आणून ऐकल्या.

गाण्याला पहिलीच सरस, हे आधीच सांगतो. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा आवाज तिच्यावर जसा भरीव लागतो, तसा दुसरीवर नाही. दुसरी वरच्या पट्टीत जरा कडक, निदान माझ्या कानाला तरी.

पण आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, मंगळुरी कौलांचं. जुलैत पाऊस बडवायला लागला की सिनेमातलं हळू बोलणं ऐकूच येत नाही, आवाज वाढवावा लागतो. पहिली जोडी नेमकी इथे अडते. तीन डेसिबल वाढवायला ताकद दुप्पट लागते. इथे फरक सहाचा, म्हणजे दुसरी जे 20 वॅटमध्ये देते, त्याला पहिली 80 मागते. त्यात 4 ओहम, म्हणजे रिसीव्हर तापणारच. खोक्यावरचा 100 वॅटचा आकडाही बहुतेक वेळा दोनच चॅनल (म्हणजे दोनच स्पीकर) चालवून मोजलेला असतो. ऐन मारामारीत खट्‌कन प्रोटेक्शन, म्हणजे रिसीव्हर स्वतःला वाचवायला आवाजच तोडतो! बंद करा, गार होऊ द्या, परत लावा. तोवर आई झोपायला गेलेली आणि मुलं मोबाइलमध्ये. मेनूतली 4 ओहमची सेटिंग करून बघितली, पण ती आतलं व्होल्टेजच उतरवते. तापणं कमी आणि दमही कमी. स्पीकर 'स्मॉल' ठेवून 80 हर्ट्‌झखालचं सगळं सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे, दिलं, तेव्हा भार बराच हलका झाला. तरी मुसळधार पावसात रड होतीच.

दुसऱ्या जोडीवर त्याच आवाजाला रिसीव्हर नुसता कोमट राहतो.

टिळकवाडीत स्लॅबच्या फ्लॅटमध्ये सात-आठ फुटांवर बसून ऐकणार असाल, तर पहिली घ्यायला हरकत नाही. फक्त रिसीव्हरला प्री-आउट आहेत का ते बघा, म्हणजे पुढे वेगळा पॉवर अँप जोडता येईल. त्या अँपचे पैसे मात्र आजच हिशोबात धरा. मी धरले, आणि मला दुसरी जोडी नि उरलेल्या पैशांत बरा सबवूफर हेच पटलं. सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, तेवढा त्याच सिरीजचा घ्या; स्वस्तात मिळतो म्हणून भलताच लावला, तर माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला की त्याचा आवाज मध्येच बदलतो.