लिनक्स कर्नलमध्ये फंक्शन शोधायचंय: टॅग्ज, सीस्कोप, क्लँगडी की नुसतं ग्रेप?

कर्नलचा सोर्स नव्याने उघडणाऱ्याने ‘सिस_ओपन’ (फाइल उघडणारा सिस्टिम कॉल) शोधून बघावं. ग्रेप (फाइलींमध्ये मजकूर शोधणारी कमांड) मारलं की हेडरमधलं डिक्लेरेशन, म्हणजे नुसती नोंद, सापडतं, पण खुद्द फंक्शन कुठेच दिसत नाही. एफएस/ओपन.सी या फाइलमध्ये ते ‘सिसकॉल_डिफाइन३(ओपन, …)’ अशा मॅक्रोआड (कंपाइल होताना उलगडणाऱ्या संक्षेपाआड) दडलेलं असतं. ‘सिस_ओपन’ हे नाव त्या ओळीत नसतंच. तीन कोटींहून जास्त ओळींच्या या पसाऱ्यात साधन पारखायला मला ही परीक्षा आवडते.

‘मेक टॅग्ज’ (कोणती व्याख्या कुठे आहे याची यादी सीटॅग्ज या प्रोग्रामकडून बनवून घेणं) त्यात पास होतं. कर्नलच्याच टॅग्ज.एसएच स्क्रिप्टमध्ये अशा मॅक्रोंचे नमुने लिहून ठेवलेत, म्हणून सीटॅग्ज परस्पर चालवू नका, मेकमधूनच चालवा. मात्र टॅग्ज फक्त व्याख्येपर्यंत नेतं. ‘हे फंक्शन बोलावतं कोण?’ याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

ते सीस्कोपकडे आहे. बेल लॅब्समधलं हे जुनं खोड २००० साली मुक्त झालं आणि आजही ‘मेक सीस्कोप’ म्हटलं की कामाला लागतं. कर्नल बिल्ड केलेला असण्याचीही गरज नाही. निओव्हिम या एडिटरने ०.९ मध्ये त्याचा आधार काढून टाकला, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी प्लगइनची सोय आधी बघावी. खरी अडचण वेगळीच आहे: याला नुसती नावं कळतात, टाइप कळत नाहीत. शेकडो ड्रायव्हरांमध्ये सारख्याच नावाची स्टॅटिक (आपापल्या फाइलपुरती) फंक्शनं असतात आणि सीस्कोप ती सगळी एका रांगेत तुमच्यापुढे ओततं.

क्लँगडी (एडिटरला जोडायचं, क्लँग कंपायलरवर बेतलेलं साधन) इथे बाजी मारतं. कंपायलरच्या नजरेने वाचत असल्यामुळे कुठलं नाव नेमकं कोणाचं हे त्याला ठाऊक असतं. त्यासाठी आधी बिल्ड करा (‘एलएलव्हीएम=१’ देऊन, म्हणजे क्लँगनेच, केलेलं बरं, नाहीतर जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचे काही फ्लॅग त्याला झेपत नाहीत), मग ‘मेक कंपाइल_कमांड्स.जेसन’ (कुठली फाइल कशी कंपाइल होते याची यादी), मग इंडेक्स तयार होईपर्यंत चहा.

पण त्याला तुमच्या कॉन्फिगपलीकडचं (बिल्डसाठी निवडलेल्या पर्यायांबाहेरचं) दिसत नाही, आणि यात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलो. एका फंक्शनला आर्ग्युमेंट वाढवलं, क्लँगडीने दाखवलेले चारही वापर दुरुस्त केले, निवांत झालो. पाचवा वापर बंद असलेल्या ‘इफडेफ’मध्ये (अट जुळली तरच कंपाइल होणाऱ्या भागात) बसला होता. दुसऱ्या आर्किटेक्चरचा (प्रोसेसरच्या प्रकाराचा) बिल्ड फुटला तेव्हा कळलं. आता फंक्शनची सही (त्याची आर्ग्युमेंटं) बदलायची असली की ‘गिट ग्रेप -डब्ल्यू’ (अख्खा शब्द शोधणारं) मारल्याशिवाय मी पॅच पाठवत नाही. सीस्कोपही याबाबतीत निर्धास्त नाही बरं का: मुळात ते एकाच आर्किटेक्चरच्या फाइली घेतं, सगळ्या हव्या असतील तर ‘ऑलसोर्स_आर्क्स=ऑल’ द्यावं लागतं.

तेव्हा एकाच ड्रायव्हरवर महिनोन्‌महिने बसणार असाल तर क्लँगडीचा खटाटोप वसूल होतो. नुसता कोड वाचायचाय, बिल्डची भानगड नको, किंवा आर्म आणि एक्स८६ दोन्हींकडे हात घालायचाय, तर सीस्कोप. जुन्या आवृत्तीत तेच फंक्शन कसं होतं हे बघायला मात्र डिस्कवर काही उतरवू नका. बूटलिनच्या एलिक्सर साइटवर आवृत्ती निवडली की झालं.

फंक्शन पॉइंटरपुढे (फंक्शनचा पत्ता धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलपुढे) सगळेच हात टेकतात. ‘एफ_ओपी->रीड_इटर’वरून प्रत्यक्षात कोण धावणार हे ठरतं चालत्या कर्नलमध्ये. तिथे ‘.रीड_इटर’ असं ग्रेप मारायचं आणि आपल्या फाइलसिस्टिमची ओळ डोळ्यांनी शोधायची.