डोमेन माझ्या नावाचं, मालकी एजन्सीची

"मॅडम, ट्विटरवर तुम्ही भाडेकरू आहात. इथे अकाउंट तुमचं, फॉलोअर तुमचे, मालकी तुमची." ट्विटरला पर्याय म्हणून निघालेल्या मॅस्टोडॉन, ब्लूस्काय असल्या माध्यमांबद्दलच्या या बोलण्यावर पुण्यातल्या एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीने माझ्याकडून 38 हजार रुपये काढले. तक्रार दाखल आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते, कारण याच लोकांनी गंडवलेली आणखी माणसं मला पुढे भेटली आणि प्रत्येकाच्या हातातलं कोटेशन शब्दन् शब्द तेच होतं.

मी भूशास्त्र शिकवते. सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना सह्याद्रीतले दगड दाखवायला नेते. लाव्ह्याचे थर कसे ओळखायचे, त्यांच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट हे खनिज कसं तयार होतं, असं सगळं. या सहलींना माणसं समाजमाध्यमांवरूनच मिळतात. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये ट्विटर घेतलं आणि लगेच निळी टिक विकायला काढली, तेव्हा माझ्या विषयातले बरेच परदेशी अभ्यासक मॅस्टोडॉनवर गेले. ते एका कंपनीचं नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर एकमेकांना जोडून बनलेलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्लूस्काय निमंत्रणाशिवाय खुलं झालं, तेव्हा उरलेल्यांपैकी पुष्कळ जण तिकडे वळले. आपल्याकडे नोव्हेंबर 2019 मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं त्या वेळी मॅस्टोडॉनची मोठी लाट आली होती, पण ती लवकरच ओसरली. त्यामुळे ही माध्यमं चालतात कशी हे समजावून सांगणारं ओळखीत कुणी नसतं आणि एजन्सीचं फावतं.

पॅकेजमध्ये होतं ते असं: माझ्या नावाचं डॉट इन डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता), त्याच डोमेनवर माझा स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर, ब्लूस्कायवर तेच डोमेन हँडल म्हणजे खात्याचं नाव म्हणून, नोस्टर या तसल्याच तिसऱ्या माध्यमावर खातं, मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय दोन्हीकडे 'व्हेरिफिकेशन' आणि दहा हजार 'ऑरगॅनिक', म्हणजे आपणहून आलेले, फॉलोअर. बिल म्हणून आली ती प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे पक्कं बिल नव्हेच. जीएसटी क्रमांकाची जागा कोरी, आणि पैसे कंपनीच्या खात्यात नाही तर एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले.

त्यातलं व्हेरिफिकेशन 6,500 रुपयांचं होतं. मॅस्टोडॉनवरची हिरवी खूण फुकट मिळते. आपल्या वेबसाइटवर आपल्या प्रोफाइलची लिंक टाकायची, लिंकच्या कोडमध्ये rel="me" एवढं लिहायचं, आणि प्रोफाइलमध्ये वेबसाइटचा पत्ता भरायचा. सर्व्हर पडताळून पाहतो आणि पत्ता हिरवा होतो. साइट आणि प्रोफाइल एकाच माणसाच्या ताब्यात आहेत, यापलीकडे त्याला काही अर्थ नाही. ब्लूस्कायवर डोमेन हँडल म्हणून लावायचं तर सेटिंग्जमध्ये एक ओळ मिळते, ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या तांत्रिक नोंदींमध्ये, टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून चिकटवायची. झालं. खर्च फक्त डोमेनचा, आणि तो साधारण वर्षाला हजाराच्या आत. ब्लूस्कायची निळी टिक एप्रिल 2025 मध्ये आली. ती कंपनी स्वतः देते किंवा तिने नेमलेल्या वृत्तसंस्थांसारख्या पडताळणी करणाऱ्यांकडून मिळते, विकत मिळत नाही. कुणी विकत असेल तर तो खोटं बोलतोय, एवढं धरून चाला.

हे पैसे गेले त्याचं मला तितकंसं वाटत नाही. माहिती नसली की माणूस फुकटच्या गोष्टीलाही मोजतो. खरी मेख डोमेनमध्ये होती.

डोमेन एजन्सीने स्वतःच्या नावावर घेतलं. डोमेन कुणाचं ते सांगणाऱ्या डॉट इनच्या जाहीर हूइज नोंदीत संस्थेच्या रकान्यात त्यांचंच नाव दिसतं, कुणालाही तपासता येतं. मला त्याच डोमेनवरचा एक 'प्रोफेशनल' ईमेल दिला आणि मॅस्टोडॉन, ब्लूस्काय सगळीकडे तोच ईमेल नोंदवला. वर्ष सरत आलं तसं 'रिन्यूअल आणि ब्रँड मेंटेनन्स' म्हणून 15 हजारांची मागणी आली. मी हिशेब मागितला. दुसऱ्या दिवशी ब्लूस्काय पासवर्ड घेईना. 'पासवर्ड विसरलात' दाबलं, तर कोड गेला त्या ईमेलवर, आणि ईमेल त्यांच्या हातात. कुठे दाद मागायची? मॅस्टोडॉनचंही तेच, तिथे तर सर्व्हरही त्यांचाच. मॅस्टोडॉनवर सर्व्हरचा ॲडमिन तुमचा ईमेल बदलू शकतो, खातं गोठवू शकतो, खासगी संदेशही वाचू शकतो, कारण ते कुलूपबंद नसतातच. विकेंद्रित म्हणजे इतकंच की सत्ता एका कंपनीकडून त्या त्या सर्व्हरवाल्याकडे गेली. तो सर्व्हरवाला कोण, हे बघायची जबाबदारी तुमची.

मॅस्टोडॉनवर खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची सोय आहे, असं मी वाचलं होतं. आहे ती. फॉलोअर नव्या खात्यावर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. पण हलवण्याची आज्ञा जुन्या खात्यातून द्यावी लागते, म्हणजे आत शिरता आलं पाहिजे आणि तो सर्व्हर चालू पाहिजे. मला दोन्ही दारं बंद. वाघोलीच्या खाणीतल्या निळ्या कॅव्हन्साइटवर मी लिहिलेली मालिका, जिच्यामुळे परदेशातले खनिज-संग्राहक माझ्याशी बोलू लागले होते, ती तिथेच अडकली. माझा काही ब्रँड झालाच असेल तर तो त्या मालिकेमुळे झाला होता. एजन्सीच्या 'कंटेंट कॅलेंडर'चा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

आता दहा हजार फॉलोअर. आकडा तर खरोखर दिसत होता. पण सहलीची पोस्ट टाकली की ओळखीच्या दोघातिघांपलीकडे कुणी हालत नसे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शांतपणे उलगडून दाखवलं. मॅस्टोडॉनवर तुमच्या फॉलोअरचा आकडा तुमचा सर्व्हर सांगतो आणि बाकीचे सर्व्हर तो मान्य करतात. सर्व्हर ज्याचा, आकडा त्याचा. माझ्या यादीत नावं होती फक्त काहीशे, आणि ती जवळजवळ सगळी एजन्सीच्याच दुसऱ्या दोन सर्व्हरवरची. एकेक उघडून पाहिलं: पोस्ट शून्य, फोटो नाही, रुजू झाल्याची तारीख एकच.

आणि या भुतांपैकी प्रत्येकजण तीच पंचवीस-तीस खाती फॉलो करत होता. ठाण्यातल्या एक आहारतज्ज्ञ, नाशिकचे एक सीए, एक भरतनाट्यम शिक्षिका, एक लेखापरीक्षक, आणि मी. एजन्सीने स्वतःची गिऱ्हाइकांची यादी अशी चव्हाट्यावर टांगून ठेवली होती. मी त्यांच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन केले. काहींनी लाजेने विषय टाळला. बाकीच्यांनी आपापली कोटेशनं पाठवली. आहारतज्ज्ञ बाईंना तर वर 'क्रिएटर टोकन' गळ्यात मारायचा प्रयत्न झाला होता. क्रिप्टो वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे वॉलेटची किल्लीच, 'सेटअपसाठी' व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणे. त्यांच्या मुलाने वेळेवर फोन हिसकावून घेतला म्हणून निभावलं.

नोस्टरचं सांगायचं राहिलं. तिथे ईमेल-पासवर्ड नाही, चाव्यांची जोडी असते. 'एनपब' जगाला द्यायची, 'एनसेक' कुणालाही नाही. माझी एनसेक मला मिळाली ती व्हॉट्सॲपवर, एका एक्सेल शीटमध्ये, 'पासवर्ड' या रकान्याखाली, पिवळ्या रंगात ठळक करून. शीट बनवणाऱ्याकडे ती आहे, ज्यांना ती फॉरवर्ड झाली त्यांच्याकडेही आहे. पासवर्ड बदलता येतो, ही चावी बदलता येत नाही. एकदा बाहेर गेली की त्या नावाने कुणीही, कधीही लिहू शकतो. ते खातं मी सोडून दिलं आणि ओळखीच्यांना तसं कळवलं.

पैसे गेल्यावर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर करू नका. आमच्या बाबतीत पैसे जाऊन महिने झाले होते, म्हणून सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवली. स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, हूइजची नोंद आणि त्या खोट्या खात्यांच्या प्रोफाइल आर्काइव्ह करून जोडल्या. आर्काइव्ह आधी करा, कारण चौकशीचा वास लागताच त्यातला एक सर्व्हर गायब झाला. शिवाय ग्राहक आयोगात ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून दावा टाकला आहे. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. 'सेवा व्यवसायासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही' असं समोरचा म्हणणार, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या सेवेला ते लागू होऊ नये असा युक्तिवाद करता येईल, असं वकिलांनी सांगितलं.

तक्रारीबद्दल मी जाहीर लिहिल्यावर दोन तासांत 'हॅक झालेलं खातं परत मिळवून देतो' म्हणणारे मेसेजमध्ये हजर झाले. निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर. एकाने तर एजन्सीसारखंच कोटेशन पाठवलं, खालची सहीची ओळ तेवढी बदललेली. ब्लॉक करा, उत्तरही देऊ नका.

आता नवीन डोमेन माझ्या नावावर आहे, रजिस्ट्रारकडे माझा जुना साधा ईमेल आणि माझा मोबाइल नोंदवलाय. ब्लूस्कायलाही तोच ईमेल. असं असलं की डोमेन हातचं गेलं तरी खातं जात नाही, फक्त हँडलच्या जागी 'इनव्हॅलिड हँडल' दिसतं. मॅस्टोडॉनवर स्वतःचा सर्व्हर वगैरे काही नाही, एका जुन्या, नियम लिहून ठेवलेल्या सर्व्हरवर आहे, आणि फॉलो यादीची फाइल अधूनमधून उतरवून ठेवते. फॉलोअर तीनशेच्या आसपास आहेत. त्यातले बारा जण मागच्या सहलीला आले होते.

जुनं डोमेन मार्चमध्ये संपतंय. डॉट इन डोमेन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडे आयएनडीआरपी या वाद-नियमांखाली वाद नेता येतो, पण त्याचा खर्च डोमेनच्या किमतीच्या कितीतरी पट आहे, म्हणून मी गेले नाही. एजन्सीने सोडलं तर घेईन. नाही सोडलं, तर माझ्या नावाचे पैसे दरवर्षी त्यांनीच भरावेत.