चार रविवार, तेरा वसाहती: कॉलेज रोडवरच्या क्लासचा अनुभव

गेल्या महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका क्लासला चार रविवार गेले. विषय होता अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहती. फी बाराशे, वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये यावर जेमतेम अर्धं पान असतं: उत्तरेत व्यापार, मध्ये गहू, दक्षिणेत मळे. तेवढं पाठ करून मी दोनदा पूर्वपरीक्षा दिली. पण असं का, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर तंबाखूची पानं, मूठभर तांदूळ, गहू, निळीची पूड आणि सुके बोंबील मांडले. वासाने पुढच्या बाकावरच्या मुली मागे सरकल्या. सर म्हणाले, "न्यू इंग्लंड अशाच वासावर जगलं." न्यू इंग्लंड म्हणजे उत्तरेकडच्या वसाहती, आणि तिकडचा मासा कॉड. त्यातल्या मॅसॅच्युसेट्सची जमीन खडकाळ, उन्हाळा तोकडा, परदेशी विकावं असं पीक येईना. मग लोक मासेमारीत आणि जहाजबांधणीत उतरले. मुळात कुटुंबंच्या कुटुंबं येऊन गावं करून राहिलेली. मुलांना बायबल वाचता यावं म्हणून १६४७ च्या कायद्याने ५० घरांच्या गावाला शिक्षक नेमणं भाग पाडलं.

दुसरा रविवार दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचा, आणि नुसत्या त्यासाठीही फी वसूल आहे. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग. एकच पीक, गिऱ्हाईक साता समुद्रापार, भाव तिकडे ठरणार आणि डोक्यावर कर्ज, हे मी लहानपणापासून बघते. व्हर्जिनियातलं जेम्सटाऊन वसलं १६०७ मध्ये, पाचेक वर्षांत जॉन रॉल्फ या इंग्रजाने तिथे तंबाखू लावला, आणि पुढे मळेवाल्यांची हीच गत झाली. तंबाखू जमिनीचा कस काही वर्षांतच ओढून घेतो, म्हणून सतत नवी जमीन हवी. मळे नद्यांच्या काठाने पांगले, जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागायचं, त्यामुळे शहरं वाढलीच नाहीत. जो स्वतःच्या खर्चाने मजूर आणेल त्याला माणशी ५० एकर जमीन. आधी राबायला आले ते इंग्लंडमधले गरीब तरुण, बोटीच्या भाड्यापोटी साधारण चार ते सात वर्षांच्या करारावर. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं १६१९ पासून दिसतात. १६७६ मध्ये गव्हर्नरविरुद्धच्या नॅथॅनियल बेकनच्या बंडात गोरे-काळे गरीब एकत्र हत्यार घेऊन उठले. मळेवाल्यांना त्याची धास्ती बसली, इंग्लंडमधून मजूर येणंही कमी होत गेलं, आणि मळेवाले गुलामांवर जास्त विसंबू लागले.

मी विचारलं, "सर, आमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून मजूर उचल घेऊन येतात, तसंच का हे?" सर म्हणाले, "ताई, कराराच्या गोऱ्या मजुराशी थोडंफार जुळेल. पण गुलामाशी नाही. १६६२ च्या कायद्याने तिथे आईची गुलामी जन्मतःच मुलाला लागली." उचल न फिटल्याने वर्षानुवर्षं अडकलेली घरं मला माहीत आहेत, आणि त्यांचं दुःख मी कमी लेखणार नाही. तरी ते वाक्य ऐकून वही तशीच मांडीवर राहिली.

दक्षिण कॅरोलिनाचा तांदूळही छान समजावला. पश्चिम आफ्रिकेतल्या भातशेतकऱ्यांनाही गुलाम करून दलदलीत राबवलं, आणि १८ व्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथे काळ्यांची संख्या गोऱ्यांहून जास्त झाली. पेनसिल्व्हेनिया मात्र घाईत उरकला. विल्यम पेनला राजाकडून मिळालेली १६८१ ची सनद, त्याच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक, जर्मन शेतकरी, फिलाडेल्फियातून जाणारं पीठ. तासाभरात सगळं संपलं. नकाशाची झेरॉक्सही काळीकुट्ट होती, नद्या दिसतच नव्हत्या. आपला नकाशा सोबत न्या.

चौथ्या रविवारी सरांनी बोंबील पुन्हा टेबलावर ठेवले. न्यू इंग्लंडचा सगळ्यात हलका, खराब कॉड वेस्ट इंडीजमधल्या ऊसमळ्यांवर गुलामांना खायला जायचा, आणि तिकडून येणाऱ्या काकवीची इकडे रम व्हायची. शाळा काढणारी ती नीटनेटकी गावं या धंद्यात इतकी गुंतलेली होती, हे माझ्या अर्ध्या पानात कुठेच नव्हतं.

माझी खरी तक्रार एकच. व्हर्जिनियातले पोहॅटन आणि मॅसॅच्युसेट्सकडचे वाम्पानोआग या मूळ रहिवाशांना शेवटची पंधरा मिनिटं मिळाली. व्हर्जिनियात माणशी ५० एकर वाटले ती जमीन पोहॅटनसारख्या लोकांची होती, मग सुरुवात तिथून हवी. निघताना सरांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, पुढच्या बॅचचा पहिला तास या मूळ रहिवाशांचाच ठेवतो. तसं झालं तर त्या तासाला मी पुन्हा जाऊन बसणार आहे.