बिनशिवणीचे मोजे: लेकाच्या पायांनी पास केले

साध्या मोज्यात बोटांच्या टोकाशी एक शिवण असते. मोजा नळीसारखा विणतात आणि शेवटी तोंड शिवून बंद करतात, तीच ही. बूट घातल्यावर थोड्या वेळात आपल्याला ती जाणवेनाशी होते. माझ्या लेकाला दिवसभर जाणवते. तो ऑटिस्टिक आहे. स्पर्श, आवाज, प्रखर उजेड, सगळंच त्याच्या अंगावर येतं. ‘नखरे आहेत, होईल सवय’ हे ऐकून कान किटले. अहो, सवय होत नाही हेच तर त्याचं दुखणं आहे! अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तिकेत २०१३ पासून ही संवेदनशीलता ऑटिझमच्या निकषांत आहे, म्हणून मी आता कुणाशी वाद घालत बसत नाही.

तर मोजे. हे टोकापासून सुरू करून एकसंध विणलेत. उलटे करून मी टोकावरून नख फिरवलं, कुठेही अडलं नाही. घेताना तुम्हीही हे करून बघाच, कारण पाकिटावर ‘सीमलेस’ लिहिलेल्या कित्येक मोज्यांत शिवण असतेच, फक्त चपटी केलेली. लेकाला ती चपटीही कळते. शिवाय यात टाचेचा वेगळा आकार नाही, त्यामुळे मोजा कसाही घातला तरी बसतो. ‘वाकडा झाला, वाकडा झाला’ म्हणत सकाळी चालणारी काढघाल आणि रडारड थांबली.

वाढत्या पायाचा म्हणून सैल मोजा मात्र घेऊ नका. हलका, सरकता स्पर्श त्याला झोंबतो. सगळीकडून सारखा, घट्ट दाब उलट शांत करतो. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी स्वतःसाठी अंग दाबून धरणारं यंत्र बनवलं होतं, ते याच गरजेतून. सैल मोजा बुटात चुरगळतो आणि त्याची प्रत्येक सुरकुती शिवणीइतकीच टोचते.

वरचं इलॅस्टिक मला आवडलं नाही. संध्याकाळी पोटरीवर वळ दिसतो. लेक त्याबद्दल कुरकुरत नाही, पण ते रुंद आणि मऊ हवं होतं. धुतल्यावर आतून सुताचे गोळे धरतात, ते खुडून काढावे लागतात. हेच मोजे काळ्या रंगात घेतले तर ते त्याने हात लावूनच परत दिले. मलाही ते जरा खरखरीत लागले. रंग बदलायचा असेल तर आधी एकच जोड मागवा.