एस्केप प्लॅन २: हेडीस – जेल आहे, पण पळायला नकाशाच नाही

आधीच सांगतो, पुढे सगळी स्टोरी उघड होणार आहे, ज्यांना हा पिक्चर अजून बघायचाच आहे त्यांनी इथे थांबा. पण खरं सांगू का, नाही बघितला तरी चालेल.

मी स्टॅलोनचा जुना फॅन. आणि पहिला एस्केप प्लॅन, २०१३ चा, मिकाएल हाफस्ट्रॉमने केलेला, स्टॅलोन आणि आर्नॉल्ड दोघं एकत्र असलेला, तो मी कमीत कमी पाच वेळा बघितलाय. त्यामुळे दुसऱ्या भागात स्टॅलोन आहे आणि सोबत डेव्ह बटिस्टा आहे म्हटल्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ शनिवारी जेवणं उरकून एकदम तयारीत बसलो. बटिस्टा म्हणजे आमच्यासाठी डब्ल्यूडब्ल्यूईवाला बटिस्टा, शाळेत त्याच्या ट्रम्प कार्डसाठी भांडणं केलीयेत आम्ही. पिक्चर जेमतेम दीड तासाचा, पण साठाव्या मिनिटाला भाऊ म्हणाला, दादा हे लोक नेमके आहेत कुठे आणि चाललेत कुठे? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि हाच या पिक्चरचा मुख्य प्रॉब्लेम आहे.

पहिल्या भागात ब्रेस्लिन, म्हणजे स्टॅलोन, जेल किती पक्कं आहे ते स्वतः पळून तपासणारा माणूस, सांगतो की कुठल्याही जेलमधून पळायला तीन गोष्टी लागतात. जागेची रचना माहीत पाहिजे, तिथलं रोजचं रूटीन माहीत पाहिजे, आणि आतून नाहीतर बाहेरून कोणाची तरी मदत पाहिजे. पुढे पिक्चर या तीन गोष्टी पाळतो. काचेच्या कोठड्या, काळे मुखवटे घातलेले गार्ड, कोण कधी कुठून फिरतं हे आपण ब्रेस्लिनच्या बरोबर मोजत जातो. एकट्याला डांबायची प्रखर दिव्यांची कोठडी असते, तिच्या जमिनीतले रिवेट त्याच दिव्यांच्या उष्णतेने सैल करायचे म्हणून आर्नॉल्ड त्याला धातूची पट्टी मिळवून देतो, दोघं मुद्दाम मारामारी करतात ती सुद्धा त्या कोठडीत जायला मिळावं म्हणून, आणि पुढे आर्नॉल्ड जर्मन भाषेत बेंबीच्या देठापासून ओरडत राहतो ते गार्डचं लक्ष आपल्यावर राहावं म्हणून. एकही बुक्की फुकट नाहीये! मग ब्रेस्लिन वर जाऊन झाकण उघडतो आणि चहूकडे समुद्र, अख्खं जेल एका मालवाहू जहाजात आहे, तो सीन मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अंगावर काटा आला होता. त्यातही न पटणाऱ्या गोष्टी आहेत, नाही असं नाही, चष्म्याची काच आणि पेन वापरून सेक्स्टंट (समुद्रात आपण कुठे आहोत ते काढायचं यंत्र) बनवतात वगैरे, पण तिथे निदान कोणीतरी डोकं चालवतंय हे दिसतं आणि आपणही सोबत चालवतो.

आता दुसरा भाग. सुरुवात चेचन्यात, ओलिसांना सोडवायची मोहीम. ब्रेस्लिनच्या टीममधला किम्ब्रल आपल्या अल्गोरिदमवर विसंबून निर्णय घेतो, एक ओलीस मरते, ब्रेस्लिन त्याला कामावरून काढतो. इथपर्यंत ठीक, मला तर वाटलं होतं की माणसाची अक्कल विरुद्ध कॉम्प्युटरचं गणित असा काहीतरी चांगला मुद्दा येणार. मग वर्षभराने टीममधला शू रेन (चिनी अभिनेता ह्वांग शाओमिंग) आपल्या चुलतभावाला, युशेंगला, संरक्षण द्यायला जातो. युशेंगकडे सॅटेलाईटचं कसलंसं पेटंट आहे आणि ते चुकीच्या हातात गेलं तर जगाचं काही खरं नाही. दोघांनाही पळवतात आणि डोळे उघडतात ते हेडीस नावाच्या जेलमध्ये, जे सगळं ऑटोमॅटिक आहे.

तुम्हाला एका माणसाकडून गुपित काढायचंय. मग त्याच्याच बरोबर, त्याच जेलमध्ये, जेल फोडण्याचं ट्रेनिंग घेतलेला त्याचा भाऊ कशाला ठेवता? दुसऱ्या कोपऱ्यात टाका, दुसऱ्या देशात टाका! बरं ठेवलं तर ठेवलं, वर कैद्यांच्या आपसात मारामाऱ्या लावतात, जिंकेल त्याला थोडा वेळ बऱ्या जागेत आराम, म्हणजे ज्याच्या डोक्यात ते अब्जावधीचं गुपित आहे तोच तिथे मान मोडून मेला तर? याचा विचार ते जेल बांधणाऱ्या एकाही माणसाने केलेला नाहीये आणि लिहिणाऱ्यानेही केलेला नाहीये. पहिल्या भागात मारामारी प्लॅनचा भाग होती, इथे मारामारी आहे कारण बराच वेळ मारामारी झाली नव्हती, एवढंच कारण.

पुढे कळतं की किम्ब्रल, जो आधी बिचारा कैदी म्हणून समोर येतो, तोच यामागे आहे, नोकरी गेल्याचा सूड. हा ट्विस्ट कोणालाही आधीच कळतो कारण पहिल्या दहा मिनिटांत ज्याला अपमान करून काढलंय असा तो एकच माणूस आहे. पण कळला हेही मी माफ केलं असतं. मला पटलं नाही ते हे, की सूड उगवायचाय ब्रेस्लिनवर, ब्रेस्लिन जगातला सगळ्यात मोठा जेलफोड्या, आणि किम्ब्रलने त्याच्या हाताखाली काम केलंय, त्याचे तिन्ही नियम त्याला पाठ आहेत. मग ब्रेस्लिन आत आल्यावर त्याला एकटं डांबून ठेवायचं सोडून बाकीच्यांशी बोलू कसं देतात?

आणि ते लीजन नावाचे तीन टकले हॅकर. त्यांना सगळं माहीत असतं, हिरो अडला की तिथे जातो, ते काहीतरी गूढ बोलतात, गाडी पुढे सरकते. ऑपरेशन करायला रोबोट आहे. एवढं सगळं यंत्रांवर चालतं पण शेवटी गार्ड मात्र दोन ठोश्यांत आडवे होतात.

या जेलची खासियत काय तर त्याची रचना बदलत राहते, भिंती सरकतात, वाटा बदलतात. ऐकायला भारी वाटतं, पण मग प्रेक्षकाने काय धरून बसायचं? मी सांगलीचा आहे. आमच्याकडे वसंतदादांनी जेल फोडल्याची गोष्ट घराघरात सांगतात, २४ जुलै १९४३, दादा आणि त्यांचे साथीदार गणेशदुर्गातल्या जेलमधून निसटले, तटावरून खाली खंदकात उड्या टाकल्या, मागून गोळीबार, दादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पकडले गेले. आमचे आजोबा ही गोष्ट सांगताना आधी तट केवढा उंच ते हाताने दाखवायचे, मग खंदक कुठे ते, मग बाहेरचा रस्ता कुठून कुठे जातो ते. तेव्हा कुठे उडीची भीती वाटायची. हेडीसमध्ये ना तट दिसतो ना खंदक, सगळीकडे तोच निळा-हिरवा उजेड आणि तेच कॉरिडॉर, म्हणून कोणी पळालं काय आणि अडकलं काय, छातीत धस्स होतच नाही.

ॲक्शन तरी धड असावी, तर कॅमेरा इतका हलतो आणि कट इतके पटापट पडतात की कोणी कोणाला मारलं ते समजत नाही. ह्वांग शाओमिंग मेहनत घेतोय हे दिसतं, त्याच्यावर माझा राग नाही. टायटस वेलिवर जेलचा मुख्य म्हणून आहे, बॉश या सिरीजमध्ये ज्यांनी त्याला बघितलंय त्यांना माहितीये तो किती ताकदीचा नट आहे, इथे त्याला उभं राहून धमक्या देण्यापलीकडे काम दिलेलं नाही. बटिस्टा बहुतेक वेळ बाहेर शोधाशोध करतो, दोन-चार सीन, संपलं. आणि स्टॅलोन! पोस्टरवर सगळ्यात मोठा चेहरा त्याचा, पिक्चरमध्ये मात्र बराच वेळ तो नाहीच, येतो तेव्हा मधूनच शू रेनच्या डोक्यात आवाज म्हणून उपदेश करतो. मला याचं मनापासून वाईट वाटलं. आम्ही त्याच्या नावावर बसलो होतो.

हे असं का झालं असावं याचा माझा अंदाज सरळ आहे. पहिल्या भागाने अमेरिकेत साधारण २५ मिलियन डॉलर कमावले आणि चीनमध्ये ४० च्या आसपास. मग दुसरा भाग चिनी हिरो घेऊन केला, २०१८ ला चीनमध्ये थिएटरला लावला आणि अमेरिकेत थेट डीव्हीडी-स्ट्रीमिंगवर. चिनी हिरो घेतला यात काहीच चूक नाही, उलट त्याला नीट गोष्ट दिली असती तर मजा आली असती, पण मार्केट आधी ठरलं आणि गोष्ट नंतर, असं फ्रेमफ्रेममध्ये जाणवतं. खुद्द स्टॅलोनने २०१९ मध्ये तिसऱ्या भागाच्या वेळी इन्स्टाग्रामवर कबूल केलं की आपण केलेल्या पिक्चरमध्ये या दुसऱ्या भागाइतकी वाईट निर्मिती कुठल्याच पिक्चरची नव्हती. हे वाचून माझा त्याच्याबद्दलचा आदर वाढला, पण आमचा शनिवार गेला तो गेलाच.

पाचपैकी एक स्टार, तो पण ह्वांगच्या मेहनतीला आणि चेचन्याच्या सुरुवातीला.

संपल्यावर भाऊ गप्प बसला होता. मी म्हटलं पहिला लावू का, जहाजाच्या सीनपासून? तर म्हणाला, नको, सुरुवातीपासून लाव. रात्री पावणेदोनला संपला.