बीएफओ की पल्स इंडक्शन : माळव्याच्या मातीसाठी घरगुती धातुशोधक निवडताना

घरी धातुशोधक बनवायचा विचार कोणी बोलून दाखवला की पहिला प्रश्न बहुधा खोलीचा असतो, म्हणजे जमिनीत किती खाली असलेली वस्तू सापडेल. मला हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा वाटतो. त्याआधी आपण कोणत्या मातीवर किंवा कशावर शोध घेणार आहोत हे ठरले पाहिजे, आणि त्याच्याही आधी, जोडणी पूर्ण करूनही सर्किट मुके राहिले तर त्यातला दोष आपल्या घरातल्या साधनांनी शोधता येईल का, याचा विचार झाला पाहिजे. गेल्या दोन वर्षांत इंदुरात मी दोन्ही प्रकारची यंत्रे बनवली, आणि त्यांतला खरा फरक मला ती बिघडलेली असतानाच कळला.

पहिले यंत्र एका ओळखीच्या सुतारांसाठी बनवले. जुने वाडे उतरवताना निघणाऱ्या सागवानी तुळया ते विकत घेतात, आणि त्या लाकडात कोठेतरी एखादा जुना लोखंडी खिळा डोके मोडून आत राहिलेला असतो. तो आरा यंत्रात सापडला की पात्याचे दात जातात आणि तुकडा उडून माणसालाही लागू शकतो. दुसरे यंत्र आमच्या शेजारच्या काकूंच्या परसबागेसाठी होते. तेथे त्यांच्या कानातली सोन्याची कुडी मातीत पडली होती.

बीएफओ, म्हणजे बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर, ही सर्वांत जुनी आणि साधी पद्धत आहे. यात दोन ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक वारंवारतेची विद्युत लहर निर्माण करणारी सर्किटे, असतात. एकाला शोधाची मोठी कॉइल जोडलेली असते, दुसरा तुलनेसाठी त्याच वारंवारतेच्या जवळ स्थिर ठेवलेला असतो, आणि दोघांच्या वारंवारतांमधला फरक हेडफोनमध्ये सुराच्या रूपाने ऐकू येतो. कॉइलजवळ धातू आला की तिचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, किंचित बदलतो आणि सूर सरकतो. हा बदल किती लहान असतो हे आकड्यांतच पाहिलेले बरे. ३०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि साधारण ८.४ नॅनोफॅरड कपॅसिटर घेतला तर ऑसिलेटर १०० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. नाण्याने इंडक्टन्समध्ये ०.०१ टक्का बदल केला तर वारंवारतेतला बदल त्याच्या निम्मा, म्हणजे ०.००५ टक्का, अर्थात अवघा ५ हर्ट्झ असतो. मूळ सूर खर्जात ठेवला तरच कानाला तो पकडता येतो.

पल्स इंडक्शनची, म्हणजे पीआयची, तऱ्हा अगदी वेगळी आहे. यात एकच कॉइल असते. तिच्यातून शंभर-दोनशे मायक्रोसेकंद मोठा प्रवाह सोडायचा, तो एकदम तोडायचा आणि मग कॉइलच्या टोकांवरचा विद्युत दाब किती वेगाने विरतो ते पाहायचे. जवळ धातू असेल तर प्रवाह तुटताना त्या धातूत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि ते विझेपर्यंत कॉइलमध्ये आपला ठसा उमटवत राहतात, त्यामुळे विरण्याची क्रिया थोडी लांबते. नवशिक्यांमध्ये ‘पायरेट’ नावाचे रशियन सर्किट फार लोकप्रिय आहे. त्यात एनई५५५ हा टायमर, आयआरएफ७४० हा मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारी इलेक्ट्रॉनिक कळ) आणि टीएल०७२ हा अ‍ॅम्प्लिफायर एवढेच मुख्य भाग असून कॉइल साधारण २० सेंटिमीटर व्यासाची, अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेच्या २५ वेढ्यांची असते. दुसरे यंत्र मी याच आराखड्यावर बनवले.

मातीचा प्रश्न

आपल्याकडे निवड बरीचशी येथेच ठरते. माळव्याची काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून तयार झालेली आहे आणि त्या खडकात लोहयुक्त चुंबकीय खनिजांचे बारीक कण असतात. एक लोहचुंबक पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घालून परसातल्या कोरड्या, भुसभुशीत मातीतून चार वेळा फिरवावा आणि पिशवीवर जमलेले काळे कण कागदावर झटकावेत. आमच्या अंगणातल्या मातीत चिमूटभर कण सहज निघाले. बीएफओची कॉइल अशा जमिनीवरून फिरवली की तिला हे सारे कण एकदम जाणवतात. कॉइल जमिनीपासून एक सेंटिमीटर वर-खाली झाली तरी सूर हलतो, आणि तो बदल खालच्या नाण्याने केलेल्या बदलापेक्षा सहज मोठा असतो. शिवाय पावसाळ्यात ओल्या गवताची धारकता कॉइलला भोवते. गुजरातेतल्या नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर बीएफओ बरा चालला असे कोणी सांगितले तर ते खरे मानावे, परंतु तोच अनुभव येथे येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

पीआयची बाजू या बाबतीत बळकट आहे, कारण प्रवाह तुटताच मातीतल्या बहुतेक कणांचे चुंबकत्वही त्याच क्षणी संपते आणि सर्किट त्यानंतर ऐकू लागते. मात्र अगदी सूक्ष्म कणांचे चुंबकत्व रेंगाळत राहते, त्यामुळे बेसाल्टच्या मातीत पीआय पूर्ण निर्धोक असतो असे नाही. पल्स संपल्यानंतर जितके लवकर ऐकावे तितकी माती अधिक ‘बोलते’, आणि जितके उशिरा ऐकावे तितक्या लहान व पातळ वस्तू हातच्या जातात, कारण त्यांतले भोवरा प्रवाह तोवर विझलेले असतात. काकूंच्या कुडीच्या बाबतीत नेमके हेच झाले. माझ्या पायरेटने हवेत पाच रुपयांचे नाणे अठरा सेंटिमीटरांवरून दाखवले होते (बीएफओची मजल सात-आठ सेंटिमीटरांपुढे गेली नव्हती), पण ग्रॅम-दीड ग्रॅमची ती कुडी त्याला सापडली नाही. ती शेवटी वाळूच्या चाळणीत सापडली, आळूच्या वाफ्यात, दोन बोटे खाली. बारीक दागिना हेच तुमचे लक्ष्य असेल तर साध्या पायरेटवर विसंबू नये. त्यासाठी पल्सनंतरचा विलंब दहा-पंधरा मायक्रोसेकंदांपर्यंत खाली आणता येईल असे, नमुना घेण्याची स्वतंत्र सोय असलेले पीआय सर्किट हवे, आणि ते बनवणे बरेच अवघड आहे.

लाकडाच्या तुळईला मातीचा हा त्रास नसतो. तिच्यावर बीएफओ मला अधिक पटला, कारण दहा सेंटिमीटर व्यासाची छोटी कॉइल लावून खिळ्याची जागा अंगुळभर अंतरात नक्की करता येते आणि सूर सलग बदलत असल्याने हाताला दिशा कळते.

दोष शोधण्याची सोय

बीएफओ मुका राहिला तर ऑसिलोस्कोपची, म्हणजे विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, गरज पडत नाही. जुना मध्यम लहरींचा रेडिओ पुरतो. कॉइल रेडिओजवळ ठेवून काटा फिरवला की ऑसिलेटरच्या वारंवारतेच्या पटीत येणाऱ्या जागांवर रेडिओतली खरखर एकदम दबते किंवा शिट्टी ऐकू येते. आकाशवाणी इंदूरची मध्यम लहर ६४८ किलोहर्ट्झची आहे, आणि १०८ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या ऑसिलेटरची सहावी पट नेमकी तेथे येते. स्टेशन लागलेले असताना त्याच्या आवाजावर चढलेली शिट्टी कॉइलजवळ पकड नेताच सरकली, तर शोधाचा ऑसिलेटर ठणठणीत आहे आणि दोष पुढे, दोन ऑसिलेटरांच्या लहरी एकत्र करणाऱ्या मिक्सरमध्ये किंवा हेडफोनच्या भागात आहे, असे खात्रीने म्हणता येते. एका रेडिओने सर्किटचे असे दोन तुकडे करता येणे ही बीएफओच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट आहे.

त्याचा नेहमीचा आजार असा की दोन ऑसिलेटर एकमेकांना ओढून घेतात. सूर खाली आणता आणता तीस-चाळीस हर्ट्झवर तो एकाएकी गप्प होतो आणि धातू बराच जवळ नेईपर्यंत गप्पच राहतो. दोघांना एकाच रेषेवरून वीज दिलेली असते, हे त्याचे मुख्य कारण. प्रत्येकाला वेगळा शंभर ओहमचा रेझिस्टर आणि त्यामागे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिल्यावर, तसेच दोन्ही ऑसिलेटर बोर्डच्या दोन टोकांना नेल्यावर, माझ्याकडचा हा दोष पुष्कळ कमी झाला. दुसरा आजार म्हणजे उष्णतेने सूर सरकणे. कपॅसिटरची धारकता अंशामागे दशलक्षात ३०० भाग बदलत असेल, तर १०० किलोहर्ट्झवर दर अंशाला १५ हर्ट्झ सरक होते, म्हणजे आपल्या नाण्याच्या तिप्पट. मे महिन्यात ओसरीतून उन्हात आले की यंत्र तासभर जागेवर येत नाही. सीझिरोजी प्रकारच्या कपॅसिटरमध्ये ही सरक अंशामागे फार तर दशलक्षात ३० भाग, म्हणजे दीड हर्ट्झपर्यंत खाली येते. दुकानात केवळ आकडा सांगितला तर हाती कोणताही सिरॅमिक कपॅसिटर ठेवला जातो, म्हणून प्रकार आग्रहाने सांगावा.

पायरेटचे दोष याहून कठोर असतात. टायमर अडकून मॉसफेट सतत चालू राहिला, तर १२ व्होल्टची बॅटरी दीड-दोन ओहमच्या कॉइलवर सरळ बसते आणि सहा-सात अँपिअर प्रवाह वाहू लागतो. माझा पहिला आयआरएफ७४० याच कारणाने गेला. वास येईपर्यंत मला काही कळले नव्हते. तेव्हापासून बॅटरीच्या तारेत एक अँपिअरचा फ्यूज घातल्याशिवाय मी पीआय सर्किटला वीज देत नाही, आणि पहिली चाचणी कॉइलच्या जागी १०० ओहम, दोन वॉटचा रेझिस्टर लावूनच करतो. हेही लक्षात असू द्यावे की प्रवाह तुटताना मॉसफेटच्या टोकावर काही शे व्होल्टचा झटका येतो, त्यामुळे चालू सर्किटवर बोट ठेवू नये.

पीआय चालतो आहे पण नाणे जेमतेम पाच सेंटिमीटरांवर दिसते, अशी तक्रार असेल तर संशय आधी कॉइलला समांतर लावलेल्या डॅम्पिंग रेझिस्टरवर घ्यावा. तो फार मोठा असला तर कॉइल घंटेसारखी निनादत राहते, फार लहान असला तर दाब हळूहळू विरतो, आणि दोन्ही वेळा धातूचा ठसा त्यात बुडून जातो. ३०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि केबल व मॉसफेटसह सुमारे ५०० पिकोफॅरड धारकता धरली तर योग्य मूल्य ३९० ओहमच्या जवळ येते. धारकता कमी करता आली तर ते वाढवता येते. ऑसिलोस्कोप असल्यास हे पाच मिनिटांत जमते. नसल्यास २२० ते ८२० ओहमचे रेझिस्टर एकामागून एक लावून, प्रत्येक वेळी खरखरीचा उंबरठा नव्याने जुळवून, नाण्याचे अंतर पट्टीने मोजत बसावे लागते. मी ते तसेच मोजले आणि त्यात एक रविवार गेला. येथे वायर-वाउंड रेझिस्टर मुळीच चालत नाही, कारण तो स्वतःच एक कॉइल असतो.

कॉइलवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळण्याबाबत फार घोटाळा होतो. बीएफओला ती लागतेच, कारण तिच्यावाचून ओले गवत आणि हातसुद्धा सूर हलवतात. मात्र फॉइलची दोन टोके सेंटिमीटरभर दूर ठेवावी लागतात, नाहीतर तिचा बंद वेढा होतो. पायरेटवर तीच फॉइल घातली तर यंत्राला आधी तीच दिसते. त्याला कागदी टेप आणि वर इपॉक्सी एवढे पुरे, कारण वेढे घट्ट बसणे महत्त्वाचे असते. कॉइलच्या जोडाला सैल कनेक्टर लावला तर झाडाला टेकताच खोटा आवाज येतो, म्हणून मी तार सरळ झाळून टाकली.

चाचणीची जागाही जपून निवडावी. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले यंत्र घेऊन गेले, तेव्हा गादीखालच्या पोलादी तारांनी त्यांच्या प्रयत्नात अडथळा आणला होता. आपल्या घरातही लोखंडी पलंग, फरशीखालच्या सळ्या आणि भिंतीतले पाइप असतात. गच्चीवर चाचणी घेतली तर स्लॅबमधले लोखंड सगळीकडून बोलते. मी लाकडी स्टुलावर प्लास्टिकची बादली उलटी ठेवून तिच्यावर कॉइल ठेवतो आणि नाणे वरून आणतो.

तिसरा पर्याय व्हीएलएफचा, म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी पद्धतीचा. त्यात प्रक्षेपण आणि ग्रहण यांसाठी दोन कॉइल असतात आणि धातूचा प्रकार बऱ्यापैकी ओळखता येतो, जे पायरेटला जमत नाही आणि बीएफओला अर्धवट जमते. परंतु त्या दोन कॉइल एकमेकींत तोलून इपॉक्सीत पक्क्या करणे हे ऑसिलोस्कोपशिवाय करण्याचे काम नाही, म्हणून पहिले यंत्र म्हणून मी तो सुचवणार नाही.

खर्चाने निवड फारशी बदलत नाही. महाराणी रोडवरच्या दुकानांतून बीएफओचे भाग मला तीनशे रुपयांच्या आत मिळाले, पायरेटचे सातशेच्या आसपास, बॅटरी वेगळी. वाइंडिंगची तार मात्र मोटार भरणाऱ्यांकडून वजनावर घ्यावी, सुट्या रिळापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते.

ज्यांच्याकडे फक्त मल्टिमीटर आणि रेडिओ आहे, ज्यांना लाकूड तपासायचे आहे किंवा शाळेतल्या मुलाबरोबर बसून ऑसिलेटर समजून घ्यायचा आहे, त्यांनी बीएफओ बनवावा. शेतात हरवलेला नांगराचा फाळ, बुजलेले पाइपाचे झाकण किंवा विहिरीजवळ पुरला गेलेला व्हॉल्व्ह काळ्या मातीतून शोधायचा असेल तर पायरेट घ्यावा आणि शक्य झाल्यास एका दिवसापुरता कोणाचा तरी ऑसिलोस्कोप मागून आणावा. ज्यांच्या मनात जुन्या नाण्यांचा शोध आहे त्यांनी निखात निधी अधिनियम, १८७८ जरूर वाचावा. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीवाचून खणता येत नाही.

सुतारांकडे आजही बीएफओच आहे. तुळई घोडीवर चढवली की ते आधी एक खिळा कॉइलसमोर धरून सूर ऐकतात आणि मगच लाकडावर खडूने खुणा करू लागतात.